खोऱ्यातली पायवाट-सायकलवाट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बालाघाटाच्या डोंगरातून उतरणाऱ्या ओढ्याच्या काठानं, बीड जिल्ह्यातल्या आपल्या तीन गावांच्या शिवारातून जी वाट करायचं चाललंय, तिच्याबद्दल पारावर, चहाच्या टपरीवर आणि ग्रामसभेत तेच तेच प्रश्न येतात. काही प्रश्न काळजीचे आहेत, काही खोचक. दोन्हींची उत्तरं इथं दिली आहेत.

हे नेमकं काय आहे? नवा रस्ता होतोय का?

नवा रस्ता नाही. दोन मीटर रुंदीची मुरमाची वाट आहे. पायी चालणारे, सायकलवाले, शेळ्या-गुरं वळणारे यांच्यासाठी. निम्म्याहून जास्त वाट आधीपासून आहेच: पांदण, शिवरस्ता, गुरांची वाट अशा तुकड्यांनी. कुठं ती वेड्या बाभळीनं गिळली, कुठं नांगरानं दर साली वीतभर खाल्ली, कुठं ओढ्यानं तोडली. हे तुकडे सांधून, चढ हलका करून आणि पाणी काढून देऊन वाट बारा महिने चालती करायची, एवढंच काम आहे.

पण चालतंय कोण आता? घरोघरी मोटारसायकल आहे.

घरी मोटारसायकल एक असते आणि ती सकाळीच कुणीतरी घेऊन जातं. मागं राहिलेली माणसं चालतात. वावरात जाणाऱ्या बाया, दूध घालायला निघालेले म्हातारे, शाळेची पोरं.

आठवीच्या पुढच्या मुलींचंच बघा. मानव विकास कार्यक्रमातून शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात. सायकल मिळाली, चालवायची कुठून? धुळे-सोलापूर महामार्गाच्या कडेनं. दिवाळीनंतर साखर कारखाने सुरू झाले की त्याच कडेनं उसाची डबल ट्रॉली डुलत चाललेली असते, मागून ट्रक हॉर्न देत असतो. वस्तीवरच्या काही घरांत सायकल पावसाळ्यानंतर भिंतीला टेकते ती टेकतेच. बाप म्हणतो, रस्ता बरा नाही. तो खोटं बोलत नाही.

शिवाय आपला मुलूख चालणाऱ्यांचाच आहे. पैठणहून नाथांची पालखी पाटोद्याकडून पंढरपूरला जाते. कार्तिक पौर्णिमेला मन्मथस्वामींच्या समाधीसाठी कपिलधारला लातूर-नांदेडकडून, कर्नाटकातून लोक पायी येतात. त्या दिंड्यांतल्या म्हाताऱ्या बायांना डांबरावर अनवाणी चालताना एकदा बघा, म्हणजे मुरमाची वाट कशाला हवी हे कळेल.

पर्यटक आले तर येऊ देत, पण वाट त्यांच्यासाठी आखलेली नाही.

करायचंच तर डांबरी का करत नाही? सिमेंटचा करा, पिढ्यान्‌पिढ्या टिकेल.

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून सविस्तर सांगतो.

पहिली गोष्ट, डांबर टाकलं की वाटेची वाट राहत नाही. आज दोन मीटर, पुढच्या निवडणुकीला साडेतीन, त्याच्या पुढच्या वर्षी वाळूचा हायवा त्याच्यावरून. शाळेच्या पोरी पुन्हा कडेला. ज्या कारणासाठी हे काम हाती घेतलं तेच कारण डांबराखाली गाडलं जातं.

दुसरी गोष्ट, खालची माती. खोऱ्याच्या तळाला काळी कसदार जमीन आहे. ही माती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात, हात जाईल एवढ्या. तिच्यावर पातळ सिमेंट ओतलं तर दोन उन्हाळ्यांत मधोमध तडा जातो आणि तुटलेली कड उचलली जाते. सिमेंटची उचललेली कड सायकलच्या चाकाला खड्ड्यापेक्षा वाईट. मुरूम मातीबरोबर वरखाली होतो आणि फावड्यानं नीट करता येतो. गावाला स्वतःच्या हातानं दुरुस्त करता येईल असंच काहीतरी हवं. सिमेंट फुटलं की ठेकेदाराची वाट बघत बसावं लागतं.

तिसरी, ऊन. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो. दुपारी डांबरावर गुरं पाय ठेवायला तयार नसतात.

अपवाद दोन आहेत. ओढा ओलांडायच्या जागी काँक्रीटच लागणार. आणि गावठाणाजवळ, जिथं सांडपाणी वाटेवर येतं, तिथं दगडी फरसबंदी करावी लागेल. बाकी सगळा मुरूम.

माझी जमीन जाणार का?

भूसंपादन नाही. कुणाचीही जमीन सक्तीनं घेतली जाणार नाही. वाट तीन प्रकारच्या जागेतून जाते आणि तिन्हींचा हिशेब वेगळा आहे.

पहिला प्रकार, गाव नकाशावर असलेले रस्ते. नकाशा काढून बघा. दुबार तुटक रेषा म्हणजे ग्रामीण गाडीमार्ग, त्याची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. एकेरी तुटक रेषा म्हणजे पायमार्ग, सव्वाआठ फूट. हे रस्ते कुणाच्या सातबाऱ्यातले नाहीत, महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम २० प्रमाणे ते शासनाचे. आपली दोन मीटरची वाट म्हणजे साडेसहा फूट. ती पायमार्गातसुद्धा बसते.

दुसरा, गायरान आणि ओढ्याकाठची सरकारी पडीक जमीन. तिथं ग्रामपंचायतीचा ठराव आणि महसूल खात्याची परवानगी लागते.

तिसरा, खाजगी वावर. जिथं नकाशातला रस्ता ओढ्यानं वाहून नेलाय किंवा पुराच्या पात्रात गेलाय तिथं बांधाकडनं सरकावं लागतं. असे तुकडे थोडे आहेत. तिथं शेतकऱ्याची लेखी संमती असेल तरच वाट जाईल. नाही म्हटलं तर वळसा घालू. वळसा पाच-सात मिनिटांचा पडतो, भांडण दोन पिढ्यांचं पडतं.

संमती दिली आणि वीस वर्षांनी लोक म्हणाले की हा आमचा हक्काचा रस्ता, तर?

शंका रास्त आहे. वहिवाटीचा हक्क वीस वर्षांच्या अखंड वापरानं तयार होतो, पण तो वापर मालकाच्या परवानगीनं नव्हे तर हक्क म्हणून झालेला असावा लागतो. मालकानं राजीखुशीनं दिलेल्या परवानगीवर कितीही वर्षं चाललं तरी त्यातून वहिवाटीचा हक्क उभा राहत नाही. म्हणून तोंडी ‘जा की’ म्हणण्यापेक्षा कागद केलेला तुमच्याच फायद्याचा आहे. कागदात तीन गोष्टी हव्यात: ही परवानगी आहे, किती मुदतीची आहे, आणि कशासाठी आहे (पायी व सायकल, ट्रॅक्टर नाही). स्टँप पाचशेचा. शंभरच्या बाँडचे दिवस २०२४ च्या ऑक्टोबरात संपले.

ज्यांना कायमचंच द्यायचंय त्यांनी बक्षीसपत्र करावं. ते नोंदणीकृतच हवं, साध्या कागदावरचं चालत नाही. दोघांनी तशी तयारी दाखवली आहे. त्यांनाही आम्ही हेच सांगितलं की आधी घरात सगळ्या हिस्सेदारांना विचारा. पुण्यात असलेला भाऊ दिवाळीला येतो आणि मग कळतं.

नकाशावर रस्ता आहे, पण शेजाऱ्यानं त्यात तूर पेरली. आता?

आधी बोला. तूर निघेपर्यंत थांबा. उभ्या पिकात जेसीबी घातला तर त्या माणसाचं घर आयुष्यभर वाटेच्या विरोधात जातं, आणि त्याचं चुकतंय असंही म्हणता येत नाही.

बोलून नाही भागलं तर मोजणी. भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज, फी, तारीख. मोजणीच्या दिवशी दोन्ही बाजूचे कब्जेदार हजर हवेत आणि खुणांचे दगड सगळ्यांदेखत रोवायला हवेत. बरेच वाद इथंच मिटतात, कारण दोघांनीही रस्ता आपल्या बाजूला नाही असं मनानं ठरवलेलं असतं आणि मोजणीत तो दोघांकडंही थोडा थोडा निघतो.

त्यानंतर तहसीलदार. चालू रस्ता कुणी नव्यानं अडवला असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली दाद मागता येते, पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. ही मुदत लोक हमखास चुकवतात. वावरात जायला रस्ताच नाही आणि बांधावरून हवा आहे, असं असेल तर तो जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १४३ चा विषय. दोन्ही अर्ज वेगळे आहेत, एकात दुसरं मिसळू नका. २०२५ पासून शेतरस्त्याची नोंद सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात घ्यायचंही धोरण आलंय. आदेश मिळाला की ती नोंद करून घ्या, नाहीतर पुढच्या पिढीला पुन्हा पहिल्यापासून.

वाटेखालून माझी पाइपलाइन जाते. फुटली तर कोण भरून देणार?

फुटूच नये अशी सोय करायची. खोदाईच्या आधी प्रत्येकानं आपापल्या पाइपलाइनच्या जागी चुन्याची रेघ मारून द्यावी. त्या जागी दोन फूट खोल चर काढून तुमचा पाइप मोठ्या व्यासाच्या पाइपातून ओवून घेऊ. पुढं बदलायचा झाला तरी वाट न खोदता ओढून काढता येईल. रेघ मारून दिली असताना काम करताना फुटली तर खर्च कामाच्या पैशातून. रेघ मारली नाही तर नाही.

काळ्या रानात मुरूम टिकतो का? आमच्या पांदणीत दर पावसाळ्यात गुडघाभर चिखल असतो.

टिकतो. चिखल होतो तो मुरूम कमी पडला म्हणून नव्हे. पाणी बाहेर जायला जागा नसते म्हणून. आपल्या बऱ्याच पांदणी दोन्हीकडच्या वावरांपेक्षा खोल गेल्यात. वर्षानुवर्षं बैलगाडीनं माती कुटली, पावसानं ती वाहून नेली, आणि शेतकऱ्यांनी बांध उंच केले. आता पांदण हाच ओढा झालाय. त्यात वरून मुरूम टाकणं म्हणजे पैसे पाण्यात सोडणं.

क्रम असा ठेवायचा. पाणी कुठून येतं आणि कुठं जाईल ते आधी ठरवायचं. मग फूटभर काळी माती काढून ती शेजारच्या वावरात टाकायची (शेतकरी आनंदानं घेतात). त्या खड्ड्यात दगडगोटे आणि जाड मुरूम भरून दाबायचा. वर चाळलेल्या मुरमाचा सहा इंची थर, पाणी मारून, रोलर फिरवून. वाट बाजूच्या जमिनीपेक्षा थोडी उंच हवी आणि तिला एका बाजूला उतार हवा. दोन मीटर रुंदीत एक कड दुसरीपेक्षा चार बोटं खाली. बघताना जाणवत नाही, पाण्याला मात्र कळतं. चढाच्या भागात ठराविक अंतरावर तिरप्या दगडी चाऱ्या, म्हणजे पाणी वाटेनं पळत न सुटता कडेला उतरतं.

मराठवाड्यात पावसाळ्याची सरासरी सुमारे ६८० मिलिमीटर आहे, पण तो पाऊस सरासरीनं कधी पडतो? महिनाभर उघडीप आणि मग एका रात्रीत ढगफुटीसारखा. वाट त्या एका रात्रीसाठी बांधायची.

डोंगरउतारावर जलसंधारणाचे सलग समतल चर आहेत. ते कुठंही बुजवायचे नाहीत. वाट चरावरून न्यायची तर दगडी मोरी घालायची.

चढ कसा काढणार? घाटातली गुरांची वाट तर सरळ अंगावर येते.

गुरं चढतात तिथं सायकल चढत नाही. आम्ही वीस फूट पुढं गेल्यावर एक फूट वर, असा चढ धरलाय. अगदीच अडचणीच्या जागी थोड्या अंतरापुरता बारास एक. त्यासाठी वाट नागमोडी घ्यावी लागते आणि अंतर वाढतं. लोकांना अंतर वाढलेलं आवडत नाही. पण जिथं सायकल उतरून ढकलावी लागते तिथून पोरी दुसऱ्या दिवशी येत नाहीत.

आखणीला इंजिनिअरची वाट बघायची गरज नाही. २०१६ ते २०१९ या काळात वॉटर कप या जलसंधारणाच्या स्पर्धेच्या निमित्तानं गावोगावच्या पोरांनी हायड्रोमार्कर आणि ए-फ्रेम ही पातळी बघायची साधनं हाताळलीत. नळीत पाणी भरून दोन पट्ट्यांवर पातळी बघायची. चरासाठी पातळी सारखी धरायची असते, इथं ठरलेल्या उतारानं सोडत जायची. तीच माणसं, तीच नळी.

ओढ्यावर पूल होणार का?

पूल नाही, फरशी. यावर वाद झाला होता. काहींना नळकांडी पूल हवा होता.

नळकांड्यांची अडचण अशी की पहिल्या पुराबरोबर वेड्या बाभळीच्या फांद्या, सोयाबीनचं भुसकट, प्लास्टिक वाहत येतं आणि पाइपाच्या तोंडाशी जाळी होते. मग पाणी बाजूनं वाट काढतं आणि पूल जागेवर राहून दोन्हीकडचा भराव जातो. २०२५ च्या सप्टेंबरात सिंदफणा, मांजरा, सीना या नद्यांना जे पूर आले त्यानंतर असे एकाकी उभे राहिलेले पूल तुम्हीही बघितले असतील.

फरशी ओढ्याच्या तळालगत असते. पूर तिच्यावरून जातो, जाऊ द्यायचा. जागा निवडताना जिथं खडक उघडा आहे तीच घ्यायची, मऊ तळावर नाही. खालच्या बाजूला पाणी पडून खड्डा पडतो आणि तिथूनच फरशी उखडायला सुरुवात होते, म्हणून त्या कडेला खडकापर्यंत काँक्रीटची भिंत उतरवायची आणि पुढं मोठे दगड रचायचे. फरशीवर दोन्ही टोकांना दगडी खांब, त्यावर घोट्याएवढ्या उंचीला लाल पट्टा. पट्टा बुडाला की कुणीही उतरायचं नाही, सायकल खांद्यावर घेऊनही नाही. वर्षातले काही दिवस वाट बंद राहील हे मान्य करूनच ती बांधतोय.

मुरूम लागेल किती आणि आणणार कुठून?

हिशेब सोपा आहे. एक किलोमीटर लांब, दोन मीटर रुंद, सहा इंच म्हणजे पंधरा सेंटिमीटर थर: ३०० घनमीटर. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. म्हणजे दाबलेला मुरूम १०६ ब्रास. दाबल्यावर बसतो म्हणून पाव हिस्सा जास्त धरा, साधारण १३० ब्रास. ट्रॅक्टरच्या एका ट्रॉलीत ब्रासभर येतो असं धरलं तर किलोमीटरमागं १३० खेपा. खालचं दगडाचं भरण वेगळं, ते काळ्या रानातच लागतं. माळावर जमीनच मुरमाड आहे, तिथं खरवडून उतार दिला तरी पुरतं.

मुरूम गौण खनिज आहे. गायरानातून काढायचा तरी तहसीलची परवानगी लागते. ‘गावच्या कामाला कोण विचारतंय’ असं म्हणून ट्रॉल्या सुरू करू नका. दंड ग्रामपंचायतीला भरावा लागत नाही, ट्रॅक्टरवाल्याला लागतो.

मोटारसायकली कशा अडवणार?

पूर्णपणे अडवता येणार नाहीत. ज्या फटीतून सायकल जाते तिच्यातून मोटारसायकल जातेच. जगात कुठंही याला पक्का तोडगा निघालेला नाही, आम्हालाही सापडलेला नाही. तोंडाशी दगडी खांब रोवून जीप, ट्रॅक्टर, छोटा हत्ती थांबवता येतो. नागमोडी कठड्यानं मोटारसायकलचा वेग मरतो. पण कठडा जास्त आवळला तर दुधाचे कॅन लावलेली सायकल आणि चाकाची खुर्चीही अडकते. म्हणून कठडा सैलच ठेवलाय.

बाकी काम गावानं करायचं. शाळेच्या वेळेला कुणी गाडी घातली तर त्याला थांबवून बोलणं ज्या त्या वस्तीचं काम. आणि एक गोष्ट स्पष्ट असावी: नकाशावर गाडीमार्ग आहे त्या तुकड्यात शेतकऱ्याची बैलगाडी आणि ट्रॅक्टर आम्ही अडवू शकत नाही, अडवणारही नाही. तिथं वाट सामायिक आहे.

सायकल पंक्चर होईल त्याचं काय? सगळीकडं सराटे आणि बाभळीचे काटे.

हा प्रश्न पोरांनी विचारला आणि तो मोठ्यांच्या निम्म्या प्रश्नांपेक्षा बरा आहे. सराटा पावसाळ्यात हिरवा पसरतो तेव्हा कुणाच्या लक्षात येत नाही. दिवाळीच्या सुमारास वाळला की काटे सुटून वाटेवर पडतात. म्हणून तो फुलावर असतानाच, पिवळी फुलं दिसली की मुळासकट उपटायचा. वर्षातून दोनदा केलं तर दोन-तीन वर्षांत कमी होतो. बाभळीचं वेगळं. कुंपणाला लावलेल्या फांद्या वाऱ्यानं वाटेवर येतात. कुंपणाच्या फांद्यांची बुंध्याची बाजू वाटेकडं ठेवा, एवढी विनंती.

वेडी बाभूळ तोडायची तर रोहयोतून होईल का?

नुसती तोडून उपयोग नाही, चौपट फुटते. खोडासकट उकरावी लागते, म्हणजे जेसीबी, आणि रोजगार हमीच्या कामात मशीन चालत नाही. त्यामुळं उकरण्याचं काम लोकवर्गणीतून आणि मातीकाम, दगडाच्या पाळी, खड्डे हे मजुरीतून, असं वाटून घ्यावं लागतं.

पैसे कुठून येणार?

एका खिशातून येणार नाहीत. शेत-पाणंद रस्त्यांसाठी २०२१ पासून मातोश्री ग्रामसमृद्धी योजना आहे, तिच्यात रोहयो आणि राज्याचा निधी एकत्र येतो. जिथं आपली वाट आणि पांदण एकच आहे ते तुकडे त्यात बसतात. पण त्या योजनेत ट्रॅक्टर जाईल असा रस्ता अपेक्षित आहे, हे लक्षात घेऊनच ते तुकडे निवडावेत. रोहयोच्या कामात मजुरीवर ६० आणि साहित्यावर ४० टक्के हा दंडक आजवर राहिलाय, आणि मातीकाम जास्त असल्यामुळं आपल्या वाटेला तो जड जात नाही. फरशीला मात्र साहित्यच जास्त, ती आमदार निधी किंवा जिल्हा परिषदेकडून.

सगळ्याच्या आधी ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात नाव यायला हवं, त्यासाठी ग्रामसभा. गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतले जे कमी तेवढे लोक लागतात. आदल्या महिला सभेत विषय मांडा. आमच्याकडं पहिला ठराव तिथूनच आला.

हिशेबाचा फळा ग्रामपंचायतीबाहेर लागेल, खेपांच्या संख्येसह.

मधला तुकडा वनखात्याचा आहे. ते परवानगी देतात का?

विचारलं तर देऊ शकतात, न विचारता खोदलं तर गुन्हा. वनहक्क कायदा, २००६ च्या कलम ३(२) मध्ये गावाच्या सोयींची यादी आहे, रस्ते त्यात आहेत. अट अशी की सोय शासनाच्या यंत्रणेकडून चालवलेली हवी, जागा प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी हवी, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडावी लागू नयेत आणि ग्रामसभेची शिफारस हवी. दोन मीटर रुंदीच्या वाटेला एक हेक्टर म्हणजे पाच किलोमीटर झाले. आपला वनातला तुकडा त्याहून कितीतरी लहान आहे आणि झाड तर एकही तोडायचं नाही. वनक्षेत्रपालांना आधी प्रत्यक्ष चालवत न्यायचं, मग अर्ज द्यायचा. नुसता कागद बघून कुणीही ‘नको’च म्हणतो.

अभयारण्य असेल तर गोष्ट वेगळी. पाटोद्याकडचं नायगाव मयूर अभयारण्य आपल्या वाटेपासून दूर ठेवलंय ते मुद्दाम.

कडेला झाडं लावणार म्हणता, मग वावरात वसवा (झाडाच्या सावलीनं पीक दबणं) पडणार.

झाडं ओढ्याच्या बाजूला, वावराच्या बाजूला नाहीत. जिथं दोन्हीकडं वावर आहे तिथं शेतकरी म्हणेल तेच, आणि बहुतेक जण सीताफळ म्हणतात. ते बरोबरच आहे. बालाघाटाच्या माळावर सीताफळ आपोआप येतं, शेळ्या तोंड लावत नाहीत, वसवा पडत नाही, आणि बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालंय. ओढ्याकाठी करंज, कडुनिंब, चिंच, वड. खड्डे मेमध्ये खोदायचे, तापू द्यायचे, पावसाच्या तोंडावर भरायचे. गुलमोहर फुकट मिळाले तरी नकोत.

साप, बिबट्या?

२०२० साली आष्टी तालुक्यात बिबट्यानं माणसांचे बळी घेतले, त्यानंतर ही भीती खरी आहे, थट्टेवारी नेऊ नका. अंधार पडल्यावर वाटेनं एकट्यानं जाऊ नये, लहान पोरांनी तर नाहीच. वाटेच्या दोन्ही बाजूंचं गवत काढून ठेवलं तर दिसतंही आणि दबा धरायला जागाही राहत नाही.

सापाचा धोका रोजचा आहे. घोणस, नाग, मण्यार, फुरसं चारही आपल्याकडं आहेत. पायात बूट, हातात बॅटरी. चावलाच तर ब्लेड मारायचं नाही, दोरी आवळायची नाही, कुणाकडं उतरवायला न्यायचं नाही. हात-पाय हलू न देता १०८ ला फोन करून ग्रामीण रुग्णालय. वाटेवर ठळक क्रमांकाचे दगड लावतोय ते याचसाठी. फोनवर ‘मोठ्या बाभळीपाशी’ म्हटलं तर गाडीवाल्याला कसं कळणार?

कड्यावर आग्यामोहळं आहेत. त्या टप्प्यात धूर करायचा नाही.

बायकांनी एकटीनं जाण्यासारखी वाट असेल का?

दिवसा, हो. तसं व्हावं म्हणून वाट वस्त्यांच्या, आखाड्यांच्या (वावरातल्या घर-गोठ्यांच्या) नजरेतून नेली आहे, जवळचा आडोशाचा मार्ग असूनही. तांड्यावरच्या बायांनी दोन जागा बदलायला लावल्या. तिथं संध्याकाळी दारू पिणारे बसतात, हे नकाशावर दिसत नव्हतं.

शनिवार-रविवारी शहरातले लोक येऊन पार्ट्या करतील.

करतील. म्हणून वाटेच्या तोंडाला मोठं पार्किंग, सेल्फी पॉइंट, हिरवळ, रंगीत कमान असलं काही करत नाही. गाडी गावात लावायची, चहा गावात प्यायचा, मग चालायचं. अजिंठ्याला गाड्या फर्दापूरच्या फाट्यावर थांबतात आणि पुढं बसनं जावं लागतं. एवढी मोठी जागा हे करू शकते, तर आपल्याला लाज कसली? प्रवेश फी नाही, कारण फी घेतली की लोकांना वाटतं कचरा उचलायचा ठेकाही आपण घेतला.

पुढं देखभाल कोण करणार?

वाटेचे तुकडे वस्तीवार वाटून दिलेत. पावसाळ्याआधी चाऱ्या मोकळ्या करणं आणि पोळ्यानंतर सराटे-गवत काढणं, ही दोन कामं चुकली नाहीत तर बाकी फार काही उरत नाही. दोनतीन ट्रॉल्या मुरूम कायम कडेला ढीग मारून ठेवायचा. खड्डा पडला त्याच आठवड्यात भरला तर एका घमेल्यात भागतं.

काम कधी सुरू?

मोठी अडचण माणसांची आहे. दसऱ्यानंतर निम्मं गाव ऊसतोडीला जातं आणि पाडव्याच्या आसपास परततं. श्रमदान त्यांच्या पाठीमागं उरकायचं नाही असं ठरलंय. चालणारी माणसं तीच आहेत आणि कुठं वाट हवी हे त्यांनाच जास्त कळतं. म्हणून मोजणी, परवानग्या, पाइपलाइनच्या खुणा हिवाळ्यात. मातीकाम पाडव्यापासून मृगापर्यंत, सकाळी दहाच्या आत.

माझी जमीन नाही, वर्गणी द्यायला पैसेही नाहीत. मी काय करू?

टिकाव, फावडं, घमेलं यातलं जे घरी असेल ते घेऊन या. तेही नसेल तर जुनी वाट कुठून जायची हे सांगायला या. सत्तरी ओलांडलेल्या गुराख्यांनी आत्तापर्यंत नकाशात नसलेले ओढ्याचे तीन उतार दाखवलेत, त्यांतल्या एकावर आता फरशी होतेय.